पाट्यावरचे दोन ठोके

रत्नागिरी, ४ डिसेंबर १९३४

अहो,

मायना काय घालावा यातच सकाळ गेली. ‘शिरसाष्टांग नमस्कार’ लिहायला घेतलं, पण बारा वर्षं होत आली तरी ज्याचं एक पोस्टकार्ड नाही, त्याच्या पायांशी एवढं आडवं व्हायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हा नुसतं ‘अहो’. घरात तरी मी याहून मोठी हाक कधी मारली होती?

पाकिटावरचा पत्ता तुमचा नाही, पॅरिसातल्या एका पुस्तक छापणाऱ्याचा आहे; त्याच्यामार्फत पोचेल तर पोचेल. दचकू नका. तुमचा तो थॉर्बीसाहेब, ज्याची पुस्तकं इंग्लंडात पोलीस उचलून नेतात नि जाळतात, त्याची कादंबरी मी वाचते आहे. हो, मीच. परसात फणसपोळ्या राखताना, कावळे हाकायच्या निमित्तानं तुम्ही मला जे इंग्रजी शिकवलंत, ते मी विसरले नाही. तुमचा शब्दकोश वाळवीनं कडेकडेनं खाल्लाय, पण मधले शब्द शाबूत आहेत.

पुस्तक आलं कसं ते सांगते. शाळेत माझ्या शेजारी बसायची ती राजिवड्याची सकिना तुम्हांला आठवत असेल. तिचा नवरा इद्रीस अजून विलायतेच्या आगबोटीवर बुटलर आहे. तुम्ही गेलात तेव्हा बोट लागून तुमचे हाल झाले, तर लिंबं कापून देणारा तोच. मागल्या खेपेला मुंबईत उतरताना कस्टमवाल्यांच्या भयानं कुणा साहेबानं हे पुस्तक गादीखाली टाकून पळ काढला. इद्रीसनं चित्रं असतील म्हणून चाळलं. चित्र एक नाही, पण मध्येच ‘रत्नागिरी’ छापलेलं दिसलं. आपल्या गावाचं नाव विलायती पुस्तकात! त्यानं ते फडक्यात बांधून घरी आणलं, नि सकिना तडक आमच्या मागल्या दारी. “वाच गो, काय लिवलंय ता,” म्हणाली. मी तिथंच उभ्यानं चार पानं वाचली. “सकिने,” म्हटलं, “हे आहेत. हे आहेत गं यात.” तशी मला सोडून तीच रडायला लागली. “तुझा घोव जिता हाय गो मथुरा!”

थॉर्बीचं लिहिणं म्हणजे काय सांगू! या माणसाला पूर्णविराम ठाऊकच नाही. त्याचं वाक्य न्याहारीला सुरू होतं, नि संपतं तेव्हा जेवणाची पानं घेतलेली असतात. माणसांच्या मनात येईल ते तो जसंच्या तसं ओततो, चांगलं, घाण, सगळं. आधी मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. चार दिवसांनी पाणी भरताना लक्षात आलं की माझ्याही डोक्यात असंच चालतं, फक्त मी ते कुणाला दाखवत नाही.

कादंबरीतला नायक तो स्वतःच, नाव तेवढं बदललेलं. लंडनला नदीकाठच्या भाड्याच्या घरात राहतो. वरच्या खोलीत मिस्टर रागो नावाचा हिंदी माणूस. हा रागो रोज सकाळी कोट चढवून, बॅग घेऊन कायदा शिकायला म्हणून निघतो, नि दिवसभर बागेतल्या बाकावर बसून परत येतो. परीक्षेत तो कधीचाच नापास झालाय. बापाला कळवायचं धैर्य नाही. एकदा जेवता जेवता खाली कुणीतरी कोळशाचं फावडं दगडी पायरीवर दोनदा आपटतं. रागो ताटावरून उठतो, दारापर्यंत जातो नि तिथंच थबकतो. थॉर्बी विचारतो, काय झालं? तो म्हणतो, “माझ्या बायकोनं माझं नाव कधी घेतलं नाही. ती मला दगडानं हाक मारते.”

अहो, तो पाटा अजून मागल्या पडवीत आहे. मोठ्या माणसांसमोर तुम्हांला बोलवायचं कसं, म्हणून मी वाटण झालं की वरवंटा पाट्यावर दोनदा आपटायचे, नि तुम्ही ओटीवरून पाणी प्यायला म्हणून आत यायचात. सासूबाई म्हणायच्या, हिचं वाटण वरवंट्याला फार चिकटतं बाई. घरात कुणाला कधी कळलं नाही. आणि तुम्ही ते खुशाल एका टोपीवाल्याला सांगून टाकलंत! वाचलं तेव्हा रागानं कान तापले. मग हसू आलं. मग जे आलं ते लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. तुमचं शेवटचं पत्र येऊन चैत्रात बारा वर्षं भरतील. ‘पुढच्या डाकेनं सविस्तर लिहितो’ असं त्यात होतं. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो गेला, असं शास्त्र धरतं. मामंजींनी भटजींना विचारलंय. पळसाच्या पानांचा नि दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, तुमचं नाव-गोत्र उच्चारून त्याला अग्नी द्यायचा. झालं, तुम्ही मेलात. मग माझ्या बांगड्या फुटतील, आणि त्यानंतर घरी न्हावी कशाला बोलावतात ते तुम्ही तुमच्या आत्याच्या वेळी पाहिलेलं आहे. मामंजी दुष्टाव्यानं करत नाहीत हो. आपल्यामागं मुलाला पाणी कोण देणार, तो तिकडे कुठे तहानलेला भटकत असेल, या एका विचारानं ते वाळून गेलेत.

तुम्ही जिवंत आहात. तसं कळवा. एक ओळ पुरे.

पाकिटावर तुमचं नाव घालायला मी लेखणी उचलली नि खाली ठेवली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. घेतलं काय, लिहिलं काय, सारखंच. इतकी वर्षं जपलेलं आयुष्य एका पाकिटापायी कशाला घालवा? शेवटी इद्रीसनं लिहिलं. साहेबांच्या ट्रंकांवर नावं घालून घालून त्याचं अक्षर माझ्याहून वळणदार झालंय.

सासूबाईंच्या तुळशीला यंदा मंजिऱ्या फार आल्यात. घरची सगळी खुशाल.

अजून तरी सौभाग्यवती,
मथुरा


रत्नागिरी, २० जानेवारी १९३५

अहो,

डाक येते नि जाते, आमची झोळी रिकामी. संक्रांत होऊन गेली, तेव्हा गोड बोलायला हवं. पण आज माझ्याकडून ते होणं नाही.

मी ते पुस्तक मामंजींना वाचून दाखवलं. ते जन्मभर मराठी शाळेत मास्तर, त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून वाक्यावाक्याचं मराठी करत गेले. दगडाचं पान गाळलं. सासऱ्यासमोर ते कसं वाचायचं! बंदराचं वाचलं. रागो सांगतो, “मी निघालो त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पडावात बसून मागं पाहिलं, तर बंदरावरच्या एवढ्या गर्दीत माझ्या एकट्या बापाची छत्री उघडी. तिच्याआड तोंड करून तो उभा होता. लोकांना वाटलं, मास्तर उन्हाला भितो.”

मामंजी आरामखुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “ऊन होतंच त्या दिवशी.” मी म्हटलं, “हो, होतं.” थोड्या वेळानं हळूच विचारतात, “त्याला दिसलं होतं होय?” त्या दिवशी जेवताना त्यांनी ताक पुन्हा मागून घेतलं. मला वाटलं, जिंकले.

कशाची जिंकते! आत्माराम भाऊजी आता कलेक्टर कचेरीत कारकून आहेत, इंग्रजी त्यांना चांगलं येतं. त्यांनी पुस्तक नेलं नि दोन दिवसांत संपवून आणलं. कान रातांब्यासारखे लाल. “वहिनी, हे असलं तुम्ही वाचता?” मी म्हटलं, “तुम्हीही शेवटपर्यंत वाचलंतच की.” कारण मधे ते एक प्रकरण आहे ना, घरमालकिणीच्या मुलीचं. रोझ. मामंजींना वाचताना मी ती पानं चिकटलीत म्हणून सांगितलं होतं. त्या रोझचे केस सोनेरी आहेत हे थॉर्बीला दर पानावर सांगावंसं वाटतं. असोत बापडीचे. मी त्याबद्दल काही विचारत नाही.

पण भाऊजींनी शेवट मामंजींना सांगितला. तोही मी गाळला होता, तुम्हांलासुद्धा मागच्या पत्रात लिहिला नव्हता. शेवटी रागो मरतो. बर्फ पडत असताना नदीत उतरतो नि पाणी त्याला नेतं. मामंजी ऐकून म्हणाले, “म्हणजे त्या साहेबालाही ठाऊक आहे.” मी म्हटलं, “अहो, ती कादंबरी आहे.” ते म्हणाले, “छत्री खरी, बंदर खरं, नि मरण तेवढं खोटं? सूनबाई, तू शहाणी आहेस, मनाला पटेल तेवढंच खरं धरू नये.”

पुतळ्यासाठी चैत्र वद्य दशमी धरली आहे.

एक ओळ, अहो. रोझच्या हातची असली तरी चालेल.

मथुरा


रत्नागिरी, ११ मार्च १९३५

अहो,

मी आता थॉर्बीच्या मागं लागलेय. तुम्ही हाती लागत नाही, तर तो तरी लागू दे.

मामंजींनी विचारलं त्यात चूक काय होतं? छत्री खरी नि मरण खोटं, हे कशावरून? तेव्हा म्हटलं, हा माणूस खरं कुठं लिहितो नि थापा कुठं मारतो, ते शोधून काढू. भाऊजींना सांगितलं, वाचनालयातले जुने इंग्रजी पेपर आणून द्या. मला वाटलं नाही म्हणतील. ते दारात तसेच उभे राहिले नि एकदम त्यांचे डोळे भरले. “मला काय हौस आहे, वहिनी, दादाला मारायची? बापाचा जीव तो, अण्णा झोपेत त्याच्याशी बोलतात, ते ऐकवत नाही मला.” मग गठ्ठेच्या गठ्ठे आणून टाकले. आता संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर पेपर पसरून बसतो. थॉर्बीचं कुठं नाव सापडलं की भाऊजी “हा बघा चोर!” म्हणून ओरडतात.

तर चोराची कुंडली अशी. बाप नावा बांधणारा, समुद्रकाठचं लहानसं गाव, आपल्या भाट्यासारखंच असावं. पोरगा सुतारकामात ढ, पण बोलण्यात तेज. बापानं घराबाहेर काढला. पहिलं पुस्तक छापलं तेव्हा निम्मे शहाणे म्हणाले, कादंबरी म्हणजे काय ते यानं आम्हांला नव्यानं शिकवलं. निम्मे म्हणाले, गटार. न्यायाधीशानं प्रती जाळायला लावल्या. हा आपला देश सोडून गेला तो कधी फ्रान्स, कधी इटली, छातीचं दुखणं बरोबर.

आता ऐका. त्या पहिल्या पुस्तकात नायकाची बायको बाळंतपणात मरते. लोक वाचून रडले. आणि खटला उभा राहिला तेव्हा ती बायको पिसांची टोपी घालून कोर्टात हजर! त्याला सोडून दुसरीकडे राहत होती. वकिलानं विचारलं, त्या पुस्तकात मेलेल्या त्या तुम्हीच का? बाई म्हणाल्या, मीच, आणि गेला आठवडाभर माझी दाढ ठणकते आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यानं भावाला वादळात बुडवला. खऱ्यातला भाऊ त्याच्याशी भांडून वेगळा झाला होता नि त्याच गावात पावाची भट्टी चालवत होता. त्यानं दुकानावर पाटी लावली, ‘मी बुडालेलो नाही. आत ताजा पाव मिळेल.’ हे वाचताना भाऊजी असे हसले, की मामंजी आतून विचारायला आले.

लक्षात आलं का तुमच्या? त्याला जे सोडून जातात, त्यांनाच तो मारतो. आपल्यावाचून माणूस तिकडे मजेत पाव भाजतोय, हे त्याला सोसत नाही. म्हणजे तुम्ही त्याला सोडून गेलात. भांडला असाल. छे, तुम्ही कुठले भांडता, तुम्ही गप्प होता, ते भांडणाहून वाईट.

आणि खरं सांगू? त्याच्यावर राग येईना. आपल्या घरी याहून वेगळं काय चाललंय? माणूस सोडून गेला, बोलत नाही, सोसवत नाही, तर करा दर्भाचा पुतळा नि लावा काडी. तो कागदावर करतो, आपण परसात करणार.

आणखी एक कारण आहे, ज्यावरून मला तुमचं मरण खोटं वाटतं. ते लिहायचं म्हणजे तुम्हांला एक सांगावं लागेल. पहिल्या पत्रात मी घरची सगळी खुशाल लिहिलं. खुशाल नाहीत. सासूबाई गेल्या. सन एकोणतीसच्या श्रावणात, तापानं. आजवर ही बातमी तुम्हांला द्यायला मला पत्ता नव्हता, आणि पत्ता मिळाला तेव्हा पहिल्याच पत्रात तुमच्या हातात ती ठेववेना. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “वाटण झालं का गं तुझं?” चुलीवर तर काहीच नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांना ठाऊक असावं, आपल्या दगडाचं. मला तेव्हापासून असंच वाटतं.

त्या गेल्या तेव्हा मी पाहिलं की घरात खरं मरण आलं म्हणजे काय होतं. उशाशी पेजेची वाटी अर्धी राहिली होती, ती घासायला टाकायची की नाही यावरच मी अडून बसले. दुसरं काही सुचलंच नाही. आणि थॉर्बीच्या पुस्तकात रागोच्या मरणाला बर्फ आहे, पक्षी आहेत, चर्चच्या घंटा आहेत, पानंच्या पानं सुंदर. ज्याचं माणूस खरोखर गेलं तो इतकं सुंदर लिहीत नाही हो. त्यानं तुम्हांला मरताना पाहिलेलं नाही. त्यानं तुम्हांला जाताना पाहिलंय, पाठमोरं.

हे सगळं मामंजींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “पुस्तकवाल्याला पुढच्या पुस्तकात कुणालाही जिवंत करता येतं. माझ्याकडे तेवढा वेळ नाही, मुली.”

रडा आईसाठी. पण रडून झालं की कागद घ्या.

मथुरा


रत्नागिरी, २९ एप्रिल १९३५

अहो,

काल चैत्र वद्य दशमी होती.

परवाच्या दिवशी मी लाज गुंडाळून ठेवली नि मामंजींना दगडाचं पानही वाचून दाखवलं. मान खाली घालून वाचलं. ते फक्त “हं” म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, हेही वाया गेलं.

सकाळी भटजी आले. परसात, फणसाखाली, पळसाची पानं मांडून पुतळा केला. हात, पाय, डोक्याला नारळ. मामंजींनी पेटीतून तुमचं जुनं धोतर काढून आणलं होतं, ते त्याला नेसवलं. ते धोतर दिसलं मात्र, मी मागल्या पडवीत जाऊन खांबाला धरून बसले. दगडी गडग्याच्या पलीकडे सकिना उभी होती, तोंडात पदराचा बोळा.

भाऊजी म्हणत होते, मी करतो. मामंजी म्हणाले, “नाही. त्याचं मीच करणार.” बसले. भटजी म्हणाले, गोत्र. मामंजींनी सांगितलं. भटजी म्हणाले, नाव. मामंजी गप्प. भटजींना वाटलं, ऐकू गेलं नाही. “यजमान, मृताचं नाव उच्चारा.” मामंजींचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. भाऊजींनी खांद्याला हात लावला. “अण्णा, मी सांगू का?”

मामंजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं नीट माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “सूनबाई, तो पाटा तुझ्याजवळच आहे ना?”

मी म्हटलं, “आहे.”

“वाजव. वाजवायचीस तसा.”

मी वरवंटा उचलला नि दोनदा आपटला. फणसावरचे कावळे उडाले. मामंजी त्या पुतळ्याकडे बघत राहिले. मग सगळेच बघत राहिले, भटजीसुद्धा. “पुन्हा,” मामंजी म्हणाले. मी पुन्हा आपटला.

मग मामंजी गुडघ्यावर हात ठेवून उठले. “भटजीबुवा, माझा मुलगा या आवाजाला भरल्या ताटावरून उठतो. विलायतेत उठतो. छापलेलं आहे. हा काही उठला नाही. हा माझा मुलगा नव्हे.”

भटजी म्हणाले, “अहो मास्तर, शास्त्र काय म्हणतं...”

“शास्त्राला म्हणावं, जरा दम धर. आमच्या मुलाला पत्र लिहायचा पहिल्यापासून आळस आहे.”

आणि पुतळ्यावरचं धोतर त्यांनी स्वतः सोडलं, झटकलं, घडी करून माझ्या हातात दिलं. “धुऊन ठेव. त्याला लागेल.” तिकडे सकिनानं जो गळा काढला, की शेजारचे खरोखरच कुणी गेलं म्हणून धावत आले!

गावात आता बोलतात, मास्तरांना म्हातारचळ लागला. बोलोत. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? माझ्या हातात बांगड्या आहेत. लिहितानाही वाजताहेत.

मामंजी शेजारीच बसलेत, म्हणतात, माझे चार शब्द घाल. ते सांगतात तसं लिहिते: ‘चिरंजीवास आशीर्वाद. नापास झालास तर झालास. मीही ट्रेनिंगच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झालो होतो. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. आज तुला सांगतो. इकडे ऊन फार आहे. छत्री दुरुस्त करून ठेवली आहे.’

याउपर मला काही लिहायचं नाही.

मथुरा


रत्नागिरी, १८ नोव्हेंबर १९३५, दुपार

अहो,

तुम्ही माजघरात झोपला आहात नि मी उंबऱ्याशी बसून तुम्हांला पत्र लिहितेय. हसू नका. चार दिवस झाले तुम्हांला येऊन, घरात जत्रा भरलीय, मोठ्यांसमोर मी तुमच्याशी बोलायचं कधी? तुम्हांला लिहायची सवय लागली ती लागली. लिहिताना तरी नीट भांडता येतं.

आधी तुमच्याबद्दल. केस गेले. वाळलात. घोरणं मात्र नव्हतं, ते तिकडून घेऊन आलात. चालेल.

ओटीवर तुम्ही मामंजींना सगळं सांगत होतात ते मी दाराआडून ऐकलं. ग्लासगोच्या गोदीत आपल्याकडच्या खलाशांच्या वसतिगृहात तुम्ही लेखनिक होतात. खलाशांना त्यांच्या बायकांसाठी पत्रं लिहून द्यायचात! अख्ख्या कोकणातल्या बायकांना तुमच्या हातची पत्रं आली, मी सोडून. हे मी एवढ्यात विसरणार नाही हे लक्षात असू द्या. मामंजींनी विचारलं, तुझं का नाही लिहिलंस? तुम्ही म्हणालात, “दुसऱ्याचं लिहिताना खोटं लिहावं लागत नव्हतं, अण्णा.” मामंजींनी उठून तुमच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मी दाराआडून बाजूला झाले.

आणि तो थॉर्बी! छापणाऱ्यानं माझी पत्रं त्याच्याकडे धाडली, नि तो खोकत खोकत, पकडतील या भयानं नाव बदलून, तुम्हांला शोधत ग्लासगोपर्यंत आला. जिना चढून वर आला नि चारी पाकिटं टेबलावर ठेवून म्हणाला, “यातलं मला एक अक्षर कळत नाही. पण हे तुझ्या दगडवालीचं आहे ना?” तुम्ही त्याच्यासमोर ती मोठ्यानं वाचलीत, मराठीत, आणि तो डोळे मिटून सगळं ऐकत बसला. शेवटी म्हणाला काय, तर ही बाई पूर्णविराम फार वापरते. मेल्याला सांगायला हवं होतं, बाईला चुलीवरचं उतू जातं, मधे मधे थांबावं लागतं. पण तो म्हणाला, तुला मारला त्याची माफी मागायला आलोय, पुढच्या पुस्तकात जिवंत करतो. त्यावर तुम्ही म्हणालात, राहू दे, ते माझ्या बापानं केलंय. हे मात्र फार चांगलं बोललात. मी सकिनाला सांगितलं. तिनं राजिवडाभर केलं.

बंदरावर मामंजी छत्री उघडून उभे होते. ऊन होतं, म्हणे. अहो, दिवस मावळत आला होता.

सासूबाईंच्या तुळशीपाशी तुम्ही काल बराच वेळ बसलात. मी मुद्दाम तिकडे आले नाही. ती जागा तुमची दोघांची.

रोझबद्दल मी विचारणार नाही असं लिहिलं होतं. ते मी मागं घेते. विचारणार आहे. खरं काय ते सांगा, खोटं मला वाचून ओळखता येतं, थॉर्बीनं शिकवलंय. रागवेन. एखादा दिवस बोलणार नाही. मग बोलेन. पण हे आज नाही, चहा झाल्यावर सवडीनं.

चहाचं आधण ठेवलंय. मामंजी ओटीवर आहेत, भाऊजी कचेरीतून यायची वेळ झाली, तुम्हांला उठवू कशी? हे पत्र तुमच्या उशाशी ठेवते नि मागल्या पडवीत जाते. वाटायला आज काही नाही. पाटा कोरडा आहे.

त्या दिवशी पुतळा उठला नव्हता. तुम्ही उठा.

तुमची,
मथुरा